मधली पाटी

इंग्रजीतला कॉमा शिकवायचा तर आधी भांडं उचलायला शिकवावं, असं बाईंचं मत होतं. वर्षातून एकदा त्या घरून दोन कानांची जुनी कढई पिशवीत घालून वर्गात न्यायच्या, पाण्याने भरून टेबलावर ठेवायच्या आणि पहिल्या बाकावरच्या कुणाला तरी म्हणायच्या, एका कानाला धरून उचल बघू. पोरगं हौसेने उचलायचं, कढई कलंडायची, पाणी टेबलावर आणि टेबलावरून पोराच्या बुटात. वर्ग खिदळायला लागला की बाई म्हणायच्या, बघितलंत? वाक्यातला एखादा तुकडा उचलून बाजूला ठेवायचा असेल तर त्यालाही दोन कान लागतात. एक कॉमा अलीकडे, एक पलीकडे. एकच दिलात की सांडलं सगळं.

मग प्रश्न यायचा, कान द्यायचे कुठल्या तुकड्याला? ज्या मुलाने काच फोडली तो पळाला, ह्या वाक्यातून काच फोडण्याचा भाग काढून टाकला तर उरतं काय? मुलगा पळाला. कुठला मुलगा? गल्लीत तर ढीगभर आहेत, बखोट धरायचं कुणाचं? म्हणजे तो तुकडा वाक्याच्या बुडाला चिकटलेला. त्याला कान नाहीत, कॉमा नाहीत. पण माझी आई, जी आमचे कपडे शिवते, घरी आहे, असं म्हटलं तर गोष्ट निराळी. आई एकच असते. ती कपडे शिवते हे सांगितलं नाही तरी आई कोणती ते कळतं. तुकडा उचलला तरी वाक्य उभं राहतं. तेव्हा त्याला दोन कान द्या.

इथवर कुठल्याही मास्तराला जमलं असतं. बाईंची खरी गंमत ह्याच्या पुढे होती. त्या ओळ उभी करायच्या.

ओळ म्हणजे मुलांची ओळ. एकेकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर एकेक इंग्रजी शब्द: माय, मदर, इज, ॲट, होम. दोन मुलं कॉमा व्हायची. ती मान खाली घालून कमरेत वाकायची आणि एक पाय शेपटीसारखा मागे सोडायची. आणि ह्या दोन वाकलेल्यांच्या बेचक्यात एक लांबलचक पाटी: हू स्टिचेस अवर क्लोद्ज. बाईंनी टाळी वाजवली की मधली पाटी ओळीबाहेर यायची. कॉमांचं काम संपलं, ते जागच्या जागी बसायचे. बाकीचे सरकून खांद्याला खांदा लावायचे आणि खणखणीत आवाजात उरलेलं वाक्य म्हणायचे. वाक्य उभं.

ह्या मधल्या पाटीची एक आडकथा आहे. ती सांगून मग मूळ पदावर येऊ.

फार पूर्वी, वर्ग अजून घराच्या पुढच्या खोलीत भरत होता तेव्हा, ही पाटी बाईंनी एका मुलीच्या गळ्यात घातली. मुलगी आधीच हळवी. जरा कुणी आवाज चढवला की डोळे भरायचे. मुलं तिला नळू म्हणायची, आणि ती रडायला लागली की मागच्या बाकावरून हाकाटी व्हायची, पाणी आलं, बादल्या काढा. त्या दिवशी टाळी वाजली, नळू बाहेर आली, ओळ मिटली आणि मुलांनी वाक्य म्हटलं ते जरा जास्तच जोरात. हिच्यावाचून आमचं कसं झकास चाललंय, हे तिला नीट ऐकू जावं अशा बेताने. नळू भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग गळ्यात पाटी तशीच घेऊन दाराबाहेर पळत सुटली. पाटी दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणून देऊन गेले. नळू वर्ष संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसली. पुढे वडलांची बदली झाली.

बाई मनाने भाविक. देवापुढे हात जोडले की दिवसभरातलं सगळं त्याला सांगायची सवय. त्या संध्याकाळी हात जोडले आणि सांगायला तोंड उघडेना. ज्याच्या दारात एकही जीव फालतू नाही, त्याचं नाव आपण सकाळ-संध्याकाळ घेतो, आणि भर वर्गात एका लेकराला सांगून टाकतो की तुझ्यावाचून भागतं. त्यानंतर त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले. एक, मधली पाटी कुणाही मुलाच्या गळ्यात घालायची नाही, ती बाईंनीच घालायची. दुसरा, वाक्य उभं राहिलं म्हणून तास संपवायचा नाही. बाई ओळीबाहेर येऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या आणि तिथून विचारायच्या, सांगा, आईबद्दल काय कळलं? घरी आहे. आणखी? आणखी काही नाही. मग घरी तर मांजरही असतं, बाई म्हणायच्या, कोळ्याची जाळीही असतात. आई कशी आहे ते काय कळलं? मग मुलं एका सुरात ओरडायची, बाई, परत या. ओळ पुन्हा उघडायची, बसलेले कॉमा उठून वाकायचे आणि बाई पदर सावरत आपल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या.

“वाक्याचं भागतं,” त्या म्हणायच्या, “माणसाचं भागत नाही.”

घंटा होवो, बाहेर पालक खोळंबोत, परत बोलावल्याशिवाय तास सुटत नसे. तिथे शिकून गेलेल्यांना बाकीचं व्याकरण आठवो न आठवो, परत या मात्र आठवायचं.

तर आता मूळ पद.

वर्ग काढला होता बाईंच्या यजमानांनी. त्यांना सगळे थोरले सर म्हणत. त्यांचा आवाज मोठा छान होता, पण घशाचं काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं. ते इतकं कमी झालं की त्यात घशाचा भाग किती आणि स्वभावाचा किती, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. मग कारभार आला धाकट्या भावाकडे. धाकटे सर. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे भाऊजी कॉलेजात होते, वहिनीच्या हातचं जेवून तिच्याच वर्गात हौसेने कॉमा व्हायचे. शेपटीचा पाय असा काही सोडायचे की मुलं लोटपोट. माणूस कामाचा. पुढच्या खोलीतला वर्ग त्यांनी दुकानावरच्या माळ्यावर नेला, माळ्यावरून आता स्वतःच्या इमारतीत नेत होते. रंगाऱ्यांच्या मागे उन्हातान्हात उभे राहून गालफडं बसली होती. एकदा सगळ्यांना इमारत दाखवायला नेलं तेव्हा वरच्या मजल्यावर कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, ही खोली वहिनींची. हिला दोन्हीकडून उजेड आहे.

बाईंना एवढं पुरलं. त्यांनी चपलांच्या दुकानातून खोकी मागून आणली, नव्या पाट्या कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, नव्या दोऱ्या ओवल्या. मधली लांब पाटी मात्र जुनीच ठेवली. तिच्यावरची अक्षरं दरवर्षी गिरवून गिरवून पुठ्ठ्यात रुतली होती. पाट्या कापताना पुतणी मांडीला मांडी लावून बसायची. ही धाकट्यांची मुलगी. तिची आई फिरत्या पाळीच्या नोकरीवर, त्यामुळे पोर वाढली बाईंच्याच अंगाखांद्यावर. बाईंना मोठी आई म्हणायची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला घरात खारू म्हणत. नव्या इमारतीत ती पहिल्यांदाच वर्गात बसणार होती, म्हणजे मोठ्या आईच्या हाताखाली. कॉमा मी होणार, असं तिने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर धाकटे म्हणाले की व्याकरणाला एक मॅडम घेतल्या आहेत. मोठ्या शाळेत शिकवत होत्या. बोलतात छान.

बाईंना आधी कळलंच नाही. मदतीला घेतल्या असतील असं वाटलं. धाकट्यांनी मग सावकाश समजावलं. पालक आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यांना इंग्रजी इंग्रजीतून शिकवलेलं हवं असतं.

“मग मी काय फारसी शिकवते?” बाई म्हणाल्या.

धाकटे हसले. बाईंचं इंग्रजी चुकीचं नाही म्हणाले, फक्त घरगुती आहे. शिवाय एका कॉमावरून त्या कढईवर जातात, कढईवरून मांजरावर, मांजरावरून देवावर. मुलांना ते आवडतं हे खरं, पण परीक्षेत मांजर येत नाही. वहिनींनी आता दगदग करू नये. फलकावर नाव सगळ्यात वर राहील. मार्गदर्शन करावं. बाईंनी विचारलं, आणि कोपऱ्यातली खोली? धाकटे म्हणाले, बघू.

त्या घरात बघू ह्या शब्दाचा अर्थ पाहुण्यालासुद्धा कळायचा. बाईंनी यजमानांकडे पाहिलं. थोरले पेपराची घडी घालत होते. ती नीट बसली नाही म्हणून त्यांनी पेपर उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

उठता उठता धाकट्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली. उद्घाटनाला तुमचा तो ओळीचा प्रकार हवा. लोकांना काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. सूत्रं मॅडम सांभाळतील, तुम्ही फक्त मधे उभ्या राहा.

बाईंनी त्या एका वाक्याला घट्ट धरलं. त्यांनी मनाशी असा हिशेब मांडला की समोर पालक असणार. ओळ उभी राहील, मिटेल, पुन्हा उघडेल, आणि पोरांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते आयाबापांना दिसेल. मग त्यातलं कुणीतरी धाकट्यांना विचारेलच, ह्या बाई कोणत्या वर्गाला असतात? आमचं मूल त्याच वर्गात घाला. धाकट्यांना माझं ऐकू येत नसेल, पालकांचं लगेच येतं. खोली सुटली असं नाही, ह्या एका ओळीवर टांगलेली आहे. त्या दिवसांत बाई देवापुढे हात जोडायच्या तेव्हा फार काही मागत नव्हत्या. तास मागत होत्या.

तालमीच्या दिवशी मॅडम आल्या. साडी कडक, चालणं ताठ, हातात पाण्याची बाटली. त्यांनी बाईंना पाहिलं आणि सरळ वाकून नमस्कार केला. बाई, ओळखलंत का, म्हणाल्या. बाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि तो चेहरा वर केला. डोळे तेच होते, फक्त कोरडे. बाईंनी नळूला जवळ घेतलं. ज्या जागेवर दुसरं कुणीही आलं असतं तर सहन झालं नसतं, त्या जागेवर आपलंच लेकरू आलं, ह्यात त्यांना क्षणभर देवाचाच हात दिसला. किती वर्षांनी, त्या म्हणाल्या, आणि तू पाटी घेऊन पळाली होतीस ते आठवतं का?

“मी?” नळू हसली. “छे हो बाई, ती दुसरी कुणी असेल. मला तर तुमची कढई आठवते.”

मुलं जमली होती, वेळ थोडा होता. बाई तिला ओळीचा क्रम सांगायला लागल्या. आधी शब्द, मग कॉमा, मग टाळी. नळूने त्यांच्या हातावर हात ठेवला. मला तोंडपाठ आहे बाई, म्हणाली, मी तुमचीच विद्यार्थिनी. बाई सुखावल्या आणि थांबल्या. मुलांची उंची पाहून जागा लावण्यातच तालीम संपली, कारण हॉलमध्ये सुताराला पडदा टांगायचा होता. बाईंचं चुकलं ते इथे. नळू आपल्याकडे शिकली म्हणजे तिला सगळा तास येतो, असं त्यांनी धरलं. ती गेली तेव्हा तास अर्धाच होता, पुढचा अर्धा तिच्याच रडण्यातून जन्मला आणि तो तिने कधी पाहिलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शिकवणाऱ्याला असंच वाटत असतं की आज आपल्याला जे येतं ते आपण पहिल्यापासून शिकवत आलो.

उद्घाटनाला हॉलला ओल्या रंगाचा वास येत होता आणि नव्या खुर्च्यांची प्लास्टिकं अजून निघाली नव्हती. कुणी जरा हललं की चुरचुर व्हायचं. पाहुणे एक बडे अधिकारी होते. त्यांना पुढे आणखी कुठेतरी जायचं होतं आणि ते तसं आल्या आल्या सगळ्यांना सांगत होते. मंचावर एका बाजूला पाहुणे, थोरले सर आणि धाकट्यांची रिकामी खुर्ची, दुसऱ्या बाजूला पाट्या घातलेली मुलं. खारूला कॉमा मिळाला नव्हता. तिच्या गळ्यात ‘होम’ होतं, अगदी टोकाला, आणि ती तोंड फुगवून उभी होती. बाईंनी लांब पाटी गळ्यात घातली आणि वाकलेल्या दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडमनी माइक घेतला. इंग्रजी खरोखरच छान होतं. गोळीबंद, एकही शब्द न अडखळता. कढई नव्हती, मांजर नव्हतं. त्यांनी सांगितलं की वाक्यात काही माहिती अत्यावश्यक असते, काही नसते. जी नसते तिला दोन्ही बाजूंनी कॉमा. आता पाहा. आणि टाळी वाजवली.

बाई ओळीतून बाहेर आल्या. मंचावर टेकायला भिंत नव्हती, म्हणून पायरी उतरून खाली उभ्या राहिल्या. कॉमा बसले. मुलं सरकली, खांद्याला खांदा लागला. सगळ्यांनी मिळून वाक्य म्हटलं. हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. बाई टाळ्या विरण्याची वाट पाहत होत्या. सांगा, आईबद्दल काय कळलं, हे त्यांच्या ओठांशी येऊन थांबलं होतं. वर पाहतात तो धाकटे पडद्याच्या कडेला उभे राहून मॅडमना मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. ह्या माणसाने इतकी वर्षं शेपटीचा पाय मागे टाकून परत या म्हटलं होतं. त्याला पुढचं ठाऊक होतं.

मॅडमनी मान हलवली, मुलांचे आभार मानले आणि माइक खाली ठेवला.

माळ्यावरच्या वर्गातून आलेली दोन-तीन मुलं चुळबुळली. कुणाच्या तरी तोंडून बाई, पर, एवढं निघालं. खारूने, जिने मोठ्या आईकडून हा सगळा खेळ घरी शंभरदा ऐकला होता, टोकावरून मान काढून पूर्ण म्हटलं, परत या. तिच्या बापाने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात पाहुणे उठले, मागोमाग सगळा हॉल उठला, प्लास्टिकं चुरचुरली आणि मुलांना मंचाच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरवण्यात आलं.

बाई पायरीशी उभ्याच होत्या. लोक त्यांच्या बाजूने वळसा घालून चहाकडे जात होते. एक पालक, चांगली हसतमुख बाई, थांबली. तिने पाटीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली आणि बाईंकडे कौतुकाने पाहिलं. बाईंनी पाटी सरळ केली. आता विचारणार.

“तुम्ही इथे शिवणाचे क्लासपण घेता का?” तिने विचारलं.

बाई नाही म्हणाल्या. ती सॉरी म्हणून चहाकडे गेली.

थोरले सर काठी टेकत खाली आले. बायकोपाशी थांबून घसा साफ केला. छान झालं, म्हणाले, वेळेत आटोपलं.

मग मॅडम आल्या. घामाने चेहरा चमकत होता, फार खुशीत होत्या. बाई, ती पाटी द्या ना, म्हणाल्या, वर्गात लागेल. बाई पाटी काढायला लागल्या तर दोरी अंबाड्यात अडकली. राहू द्या, मी काढते, म्हणून नळूने मागे जाऊन दोरी अलगद सोडवली, एक केससुद्धा ओढला नाही. तिच्या हातात कसलाही दुष्टपणा नव्हता. बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

“वर्गात मधे कोण उभं राहणार?” बाईंनी विचारलं.

“मुलंच की.”

“आणि परत?”

“परत म्हणजे?”

बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. नळू खरंच विचारत होती. तासाचा पुढचा अर्धा भाग तिच्यापर्यंत पोचलाच नाही, हे बाईंना तेव्हा उमगलं. सांगायला चार वाक्यं पुरली असती. पाटी कुणाच्या गळ्यात घालू नकोस, स्वतः घाल. वाक्य उभं राहिलं की थांबू नकोस. त्यांना बोलावू दे. चार वाक्यं, आणि तिने ती ऐकलीही असती. पण बाईंच्या मनात कडू असं काहीतरी वर आलं. सगळं घेतलंत ना? तास घेतलात, पाटी घेतलीत. एवढं एक माझ्याजवळ राहू दे. पलीकडून धाकट्यांनी फोटोसाठी मॅडमना हाक मारली.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “जा तू.”

कोपऱ्यातल्या खोलीत पुढे प्रवेशाचं ऑफिस झालं. चौकशीला येणाऱ्यांना तिथला उजेड आवडतो, असं धाकटे म्हणाले. फलकावर बाईंचं नाव सगळ्यात वर होतं, आणि बाई घरी होत्या. पहिले काही दिवस सकाळी आवरून, केस विंचरून, चपलेत पाय घालेपर्यंत त्यांच्या लक्षात यायचं नाही. मग चपला काढून त्या स्वयंपाकघरात जायच्या. देवापुढे हात जोडायच्या, पण सांगायचं बंद झालं होतं. त्याला ठाऊकच होतं, आणि जे ठाऊक होतं त्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

कॉमाचा धडा नव्या वर्गात आला त्या दिवशी खारू घरी आली ती उड्या न मारता. दप्तर नीट खुंटीला लावलं, त्यावरूनच बाईंनी ओळखलं. जेवायला बसल्यावरही ताटात बोट फिरवत राहिली. बापाने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, आज मला मधे उभं केलं.

धाकटे हसले. मग त्यात काय झालं, म्हणाले, मॅडमना वाटलं असेल, सरांची मुलगी, ही धीट असेल. अगं, खेळ आहे तो.

खेळ नव्हता, खारू म्हणाली. ती बाहेर आली, सगळे सरकले, आणि वाक्य म्हणताना मुद्दाम तिच्याकडे बघून हसले. ती भिंतीपाशी वाट बघत राहिली. मग घंटा झाली. मुलं तशीच डबा खायला गेली. मधल्या सुट्टीत दोघी-तिघी म्हणाल्या, तू नकोस, तुझ्यावाचून आमचं भागतं. हे सांगताना पोरीचा आवाज अगदी साधा होता. रडणं येऊन गेलेल्याचा असतो तसा. थोरले सर ताटातल्या एका घासाकडे बघत होते. तो त्यांनी उचलला, पुन्हा ठेवला.

“मी मॅडमना सांगितलं, परत बोलवायचं असतं,” खारू म्हणाली. “त्या म्हणाल्या, असं कुठे असतं. त्यांना माहीतच नाही.” मग तिने बाईंकडे पाहिलं. “मोठी आई, तू दरवर्षी मधे उभी राहायचीस. तुला काही वाटायचं नाही?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “मला वाटायचं, परत यायचं माझ्या हातात आहे.”

खारू विचार करत होती. तिच्या कपाळावर तो दिसत होता, कॉमासारखी एक बारीक आठी होऊन. बाईंना पुढचा प्रश्न येताना दिसला आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला.

“पण तुला तर माहीत होतं,” खारू म्हणाली. “मग तू मॅडमना सांगितलं का नाहीस?”

चार वाक्यं होती, ती अजूनही तिथेच होती, आणि त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. एक लेकरू भिंतीला पाठ लावून उभं राहिलं म्हणून ज्यांनी दोन नियम केले होते, त्यांनीच दुसरं उभं केलं होतं, आणि तेही स्वतःच्या मांडीवर वाढलेलं.

“वहिनी, वाढा,” धाकटे सर ताटावरून नजर न उचलता म्हणाले.

वाढा हा शब्द इतकी वर्षं ऐकला होता, आज पहिल्यांदा बाईंना त्याचा आधार वाटला. त्या लगबगीने उठल्या आणि वाढायला लागल्या.